नव्वद शेरांची सून

आमच्या माहेरी, रनाळ्याला, मुलांचे पाळणे बैलगाडीच्या उरलेल्या लाकडाचे करीत. साधा पाळणा एकदा करून पाहिला होता म्हणे, माझ्या थोरल्या आत्यासाठी. बाराव्या दिवशी नाव ठेवायच्या आतच दोरी तुटली. आत्या खाली पडली, पण रडली नाही; जमीन रडली. हे मी पाहिलेलं नाही. पण आत्याला पाहिलेलं आहे, त्यामुळे माझा पूर्ण विश्वास आहे.

वडील विहिरीत पोहायला उतरले की पाणी आपोआप पाटाला लागे, मोट जुंपावी लागत नसे. चार काका एका बाजेवर कधीच बसले नाहीत, कारण तशी बाज नंदुरबारपासून सुरतेपर्यंत कुणी विणलेली नव्हती. आणि गंमत अशी की आमच्याकडे खाणं अगदी बेताचं. वडील कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, दोन भाकरी आणि वाटीभर वरण खाऊन उठत. पाहुणे विचारत, "आज उपास का?" अंगात काय आहे ते अंगालाच ठाऊक, असं आम्ही म्हणायचो आणि आडवं होऊन दारातून जायचो.

मला पाहायला सासरची फक्त पुरुषमंडळी आली. रिवाजाप्रमाणे मी आतल्या दाराशी उभी. दार अरुंद होतं, त्यामुळे मी अर्धीच दिसले. सासऱ्यांनी अर्धीला पसंत केलं. उरलेली अर्धी त्यांना लग्नात कळली.

सासर तापीकाठचं. कापूस, केळी, मिरची, घरात काही कमी नाही, आणि घरातली सगळी माणसं काटकुळी. सासरे उन्हात उभे राहिले की सावली त्यांच्याहून जाड पडे. आमचे हे केळीच्या बागेत शिरले की हाका मारूनच शोधावे लागत. थोरली जाऊ तर अशी, की वाळत घातलेल्या लुगड्यामागे ती उभी आहे की नाही हे वारा आल्यावर कळे. आणि खाणं? अहो, राक्षस लाजावेत! वरण-बट्टीचा बेत असला की सासरे एका बैठकीत इतक्या बट्ट्या रिचवत की चुलीतला विस्तव घाबरून विझे. सात भाकऱ्या हा त्यांचा नेहमीचा आकडा, आठवी फक्त ठेचा उरला म्हणून. ते सगळं जायचं कुठे, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून होता. माझं कुठून यायचं, हा प्रश्न सासूबाईंना होता.

मिरची तोडायला सातपुड्यातून पावरा आदिवासी माणसं उतरत. दिवसभर वाकून तोडणी, दुपारी ज्वारीच्या भाकऱ्यांची चळत संपवत, आणि अंग धनुष्यासारखं. त्यांच्यातल्या एका बाईने एकदा माझा दंड चिमटीत धरला आणि आपल्या बोलीत काही म्हणाली. सगळ्या जणी हसल्या. आमच्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, ती बोली येई. त्याने सांगितलं, "ती म्हनस, हिन्हा घरमा दुकाय येवाले भ्यात व्हई!" दुष्काळसुद्धा यायला भितो, म्हणजे. मी सगळ्यांत मोठ्याने हसले. मोठ्याने हसणं हाही आमच्या घराण्याचा गुण.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि घरातलं तूप कमी व्हायला लागलं.

सासूबाई तुपाच्या मडक्यावर कोळशाने रेघ मारून ठेवत. तूप रोज रेघेच्या एक बोट खाली. मग दोन बोटं. चोर शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही. डोळे उचलले की समोर मीच, कारण मी असताना समोर दुसरं काही दिसतच नसे.

"तूप कोन खास, ते आंधयालेबी दखाई जाई," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, मी बोट बी नही लावं."

"बोट कशाले लावशी? तू तं मडकामा हात घालत व्हशी!"

मी आत्तापर्यंत सगळं हसण्यावारी नेलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी कोठीला कुलूप घातलं, किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आते गाडी जुंपसू. तुले माहेर धाडसू. आनि कशाबद्दल धाडी, ते गाडीवालाले सांगीन धाडसू."

हे शेवटचं वाक्य लागलं. गाडी हाकणारा म्हणजे तोच सालदार. माणूस प्रेमळ, पण त्याच्या तोंडून निघालेली बातमी बैलांच्या आधी रनाळ्याला पोचायची, आणि वाटेतल्या सात गावांत मुक्काम करून पोचायची. तूपचोर म्हणून परतलेल्या मुलीला कुणी परत न्यायला येत नाही. माझ्यामागे दोन धाकट्या बहिणी होत्या, दोघी माझ्याच मापाच्या. माझ्या कपाळावर चोर लिहिलं गेलं असतं तर त्यांना अर्धीसुद्धा पाहायला कुणी आलं नसतं.

आमचे हे खांबाआड उभे होते. खांब त्यांना पुरत होता. आईपुढे त्या घरात कुणीच बोलत नसे. तेव्हा मीच पदर खोचला.

"बरं," मी म्हटलं, "गाडी जुंपा. पन पहिले माले तोला."

त्या दिवशी आमच्या खळ्यात नंदुरबारच्या व्यापाऱ्याचा मापाडी आला होता. तीन बांबूंच्या घोडीला मोठा काटा टांगलेला, साखळ्यांना दोन पारडी, शेजारी मिरचीच्या पोत्यांची लाल भिंत. मी सांगितलं, आज तोला, आणि महिन्याने हाच मापाडी पुन्हा येईल तेव्हा तोला. मधल्या महिन्यात मी थोरल्या जाऊबाईंच्या ताटात जेवेन. एक ताट, दोन हात, घासाला घास. किल्ली तुमच्या गळ्यात. शेतात जाईन ती जाऊबाईंबरोबर, पाण्याला जाईन ती जाऊबाईंबरोबर. चोरून खाऊन वाढलेली असेन तर महिन्यात वाळेन. नाही वाळले तर?

"नही वायनी तं तू खरी," सासूबाई म्हणाल्या. बाई कडक होती, पण न्यायाची होती. "वायनी तं गाडी."

मी पारड्यात बसले. त्याच पारड्यात सकाळपासून मिरची तोलली होती. बसल्याबरोबर मला पहिली शिंक आली आणि काटा तापीपर्यंत हेलकावला. दुसऱ्या शिंकेला घोडीचा एक बांबू करकरला. बाकी कुठे कुठे काय झोंबलं ते लिहिण्याजोगं नाही. मापाडी समोरच्या पारड्यात वजनं चढवत गेला, आणि मापाड्यांच्या रीतीप्रमाणे 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून मोजायला लागला. शेवटी ओरडला, "दोन मन दहा शेर!"

म्हणजे चाळीस शेरांच्या मणाने नव्वद शेर. मापाड्याने वजनं पुन्हा मोजून पाहिली. मला मात्र बरं वाटलं. आमच्या घराण्यात एवढ्याला अशक्तपणा म्हणत.

"बाईमानूस कितलं पाहिजे, ते दखाडस," असं म्हणून सासूबाई स्वतः पारड्यात बसल्या. एक मण पाच शेर. म्हणजे पंचेचाळीस, बरोबर अर्धी मी. जाऊबाईंनाही म्हटलं, बसा. त्या म्हणाल्या, "माले चक्कर येस," आणि घरात गेल्या. हे तेवढं ध्यानात ठेवा.

मग तो महिना. एका ताटात जेवायचं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. मी एक घास घेई तोवर जाऊबाईंचे तीन झालेले असत. ताटात चार भाकऱ्या आल्या तर माझ्या वाट्याला सव्वा. भरीत तर मी दुरूनच पाहिलं. सासूबाई समोर पाट मांडून बसत, दोघींच्या हातांकडे पाहत, न्यायाधीशासारख्या. तीन-चार दिवसांनी त्या जाऊबाईंना म्हणाल्या, "तू जरा हळू खा वं, तिले उरू दे!" आणि आपणच दचकल्या. आपण काय बोललो ते त्यांच्या कानांवर उशिरा गेलं.

मी निर्धास्त होते. आमचं अंग मला ठाऊक. बहिणीला एकदा विषमज्वर झाला, एकवीस दिवस भाताची पेज, आणि उठली तेव्हा पोलकं घट्टच.

महिना भरला, मापाडी आला, काटा टांगला गेला. पहिला तोल शकुनाचा, म्हणून मिरचीच्या आधी मला बसवलं. सालदार बैल धरून उभा. गाडी खरंच जुंपून ठेवली होती. गल्लीतल्या बाया लेकरं कडेवर घेऊन आल्या होत्या. मी ऐटीत बसले. मापाड्याने लोखंड चढवलं, काटा सरळ झाला, आणि तो ओरडला, "चौऱ्याऐंशी शेर!"

सहा शेर कमी!

"दखं?" सासूबाईंचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला. "कुलूप लागं आनि वायनी! आते काय ऱ्हायनं बोलानं?"

खरं सांगते, आयुष्यात मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं घाबरले. माझा स्वतःवरचाच विश्वास उडाला. क्षणभर वाटलं, मी झोपेत चालत जाऊन तूप खात होते की काय? सालदाराने गाडीतलं गवत नीट केलं. त्याचे ओठ आत्ताच हलायला लागले होते. पहिल्या गावाला काय सांगायचं त्याची उजळणी चालली होती. मी पारड्यातून पाय खाली सोडला आणि लुगड्याच्या कमरेला हात घातला. घट्ट. हातातल्या बांगड्या सरकवून पाहिल्या. एक हलेल तर शपथ. सहा शेर म्हणजे मोठा भोपळा. भोपळा गेला आणि बांगडीला पत्ता नाही?

"मामा," मी सासऱ्यांना म्हटलं, "आत्याबाईले बी एक डाव बसाडा."

"माले कशाले?" सासूबाई.

"तुम्ही बी तं बठनात ना त्या दिवशी. हिसोब पुरा व्हऊ द्या."

सगळ्या गावासमोर नाही म्हणणं त्यांना जमेना. बसल्या. मापाडी ओरडला, "बेचाळीस शेर!"

मी पदराने तोंड पुसलं. घाई केली नाही. असा क्षण आयुष्यात एकदाच येतो, तो चावून चावून खायचा असतो.

"आत्याबाई, मी सहा शेर वायनू, तुम्ही तीन. मन्हं तं कुलूपना मुये. तुम्ही कोनं चोरीन खाई ऱ्हायनात व्हतात?"

हसू असं उसळलं की जुंपलेले बैल गाडी घेऊन दहा पावलं पुढे गेले. सासूबाईंचा चेहरा मिरचीच्या भिंतीत मिसळून गेला. पण सासरे हसले नाहीत. ते पुढे झाले आणि पारड्यातलं एक वजन उचलून हातात तोललं. जुनी वजनं गोल, झिजलेली, बुडाला शिसं ओतलेली. हे नवं कोरं, सहा कोनांचं, अजून रंगाचा वास असलेलं.

"हाई कधी उनं रे?"

मापाड्याने कपाळावर हात मारला. "बापरे! मामा, हाई तं नवा किलो शेतस! सरकारनी जुना बंद कयात. चार दिन व्हई ग्यात." हाताला किलो आले होते, पण तीस वर्षांची जीभ, ती अजून शेरच ओरडत होती. किलो शेरापेक्षा जरा मोठा; म्हणून माणूस तेवढंच, आकडा लहान. सगळ्या देशाने एकाच महिन्यात वाळायचं ठरवलं होतं, आणि चोर मात्र मी एकटी ठरत होते!

सासऱ्यांनी घरातली जुनी दहा शेरी, पाच शेरी आणवली. शेजाऱ्यांकडून मणाची मागवली. मला तिसऱ्यांदा त्या तिखटात बसवलं. शिंकांनी या वेळी बांबू खरंच मोडला, असं मी सांगत असते. तडकला होता एवढं खरं. काटा सरळ झाला. दोन मण दहा शेर. वर पाव शेर. महिनाभर सव्वा भाकरीवर राहून मी पाव शेर कमावला होता.

"बैल सोड," सासूबाई सालदाराला म्हणाल्या, आणि आत गेल्या. किल्ली मात्र गळ्यातच राहिली. मी खरी ठरले होते, पण त्यांना पटलं नव्हतं. न्यायाच्या माणसाचं हेच असतं, निकाल देतात आणि कारण शोधत बसतात. दोन महिने त्या माझ्याकडे पाहून पुटपुटत, "मंग हाई येस कोठेन?"

उत्तर आखाजीला चालत आलं. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, आणि न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. त्या वर्षी मुराळी म्हणून माझा धाकटा भाऊ आला. हा भाऊ दहा दिवसांचा असतानाच दत्तक गेलेला, विसरवाडीला, वडिलांच्या लांबच्या चुलतभावाकडे. त्या काकांचं फाट्यावर चहाचं दुकान, मूलबाळ नाही. नवरा-बायको दोघंही अगरबत्तीच्या काड्या. माझ्या लग्नात हा भाऊ गोवराने घरी पडलेला, त्यामुळे सासरच्यांनी त्याला पाहिलेलं नव्हतं. तो आणि काका बरोबर आले. आधी काका दारातून आत आले, मग दार भरून भाऊ.

सासूबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांनी भावाच्या मानेकडे पाहिलं, माझ्या मानेकडे पाहिलं. मनगटं पाहिली. हनुवटीखालची वळी मोजली, ती दोघांना सारखीच होती. मग काकांकडे वळल्या.

"काय खावाडतस याले?"

"बाई, मी खास तेच. दहा दिनना व्हता, तधयपासून मन्हाच ताटमा जेवस. जेवानं दखशी तं तुले वाटी, आजारी शे."

सासूबाई अशा ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी पंगत मांडली. भावाच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला सासरे. भावाने पुरणाचे दोन मांडे खाल्ले आणि आमरसाच्या वाटीवर हात आडवा धरला. सासऱ्यांनी... ते मी मोजायचं सोडून दिलं. काकांनीही हात राखला नाही. बारीक माणसांच्या मधोमध माझा भाऊ संकष्टीला चंद्राची वाट पाहणाऱ्यासारखा बसून राहिला.

सासरे हात चाटत म्हणाले, "अवं, एकच वाफा, एकच पाणी, एकच खत. एक मिरची लांबडी व्हस, एक जाड. ती काय चोरीन पाणी पेस का?"

सासूबाई म्हणाल्या, "हाई ताटनं नही. हाई बियानानं शे."

माझी नात आता डॉक्टर आहे. अंगाने माझ्यावर गेली आहे, सुदैवाने. ती सांगते, अंगाचं बियाणं असतं, त्याला जनुकं म्हणतात. जाडीचं एकच नसतं, शेकडो असतात, प्रत्येक चिमूट चिमूट टाकतं. कुठल्या लोकांत कुठली जास्त, कुठली कमी, कुणाच्या अंगात चरबी कुठे साठते, हे डोंगरातल्या आणि काठावरच्या माणसांत वेगळं असू शकतं. आणि नुसतं बी असून भागत नाही, पाणीही लागतं. सातपुड्यातून येणाऱ्यांपैकी एकाचा मुलगा पुढे नंदुरबारला खुर्चीवर बसून नोकरी करायला लागला, आता त्याचं पोट त्याच्या आधी कचेरीत पोचतं. हे सगळं शोधायला शास्त्रज्ञांना म्हणे फार वर्षं लागली, जुळी मुलं तपासावी लागली, दत्तक मुलं तपासावी लागली. मी तिला म्हटलं, आम्हाला एक काटा, एक ताट आणि एक मुराळी पुरला. शिवाय तुमच्या शास्त्रज्ञांना मिरचीत बसावं लागलं नसेल.

त्या आखाजीला निघताना सासूबाईंनी गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, आखाजीहून परतलीस की कोठी तूच सांभाळ, म्हणाल्या. जाऊबाई दारात उभ्या होत्या. किल्ली माझ्या मुठीत गेलेली पाहून त्यांचा चेहरा असा उतरला, की मला सगळं एकदम कळलं. तूप कुठे जात होतं, पारड्यात बसायला चक्कर का आली, ताटात तीन घास कुणाचे. काटकुळ्या माणसाने मडकंच्या मडकं खाल्लं तरी अंगावर पुरावा राहत नाही. जाडाने नुसतं पाहिलं तरी तो चोर! परत आल्यावर त्यांना रोज एक वाटी तूप मी स्वतःच्या हाताने दिलं, अगदी शेवटपर्यंत. त्यांच्या अंगाला ते कधी सापडलं नाही.

गाडी जुंपली. मी आणि भाऊ चढलो तशी गाडीने मोठा सुस्कारा टाकला. सासूबाई सालदाराजवळ गेल्या. त्याने मान तिरकी करून कान दिला. सून कशाबद्दल धाडली ते सासूबाई सांगणार म्हणून इतके महिने तो वाट पाहत होता.

"ऐक," त्या म्हणाल्या, इतक्या मोठ्याने की वाटेतल्या सातही गावांना ऐकू जावं, "सून आखाजीले जाई ऱ्हायनी. आठ दिनमा परत आननी शे. आनि वाटमा कोन इचारं तं सांगजो, आम्हनी सून नव्वद शेरनी शे, जुना शेरनी!"